अप्पांचं लातुरीन

जगातली बहुतेक रसायनं आधी सापडतात, मग त्यांचं बारसं होतं, आणि सत्कार तर त्यांचा कोणीच करत नाही. माझ्या रसायनाची चाल उलटी होती. त्याचं बारसं आधी झालं, सत्काराच्या पत्रिका नंतर छापल्या गेल्या आणि ते नेमकं काय आहे हे सगळ्यात शेवटी कळलं. तेही मला नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या नामदेवमामांना. मी तेव्हा तिशीच्या आतला होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. आता पंचावन्नचा आहे. हुशारीचा तो आजार बराच आटोक्यात आलाय, म्हणून ही हकिगत सांगायला हरकत नाही.

मी नांदेडला औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवतो. गावाकडे त्याला 'गोळ्यांचं कॉलेज' म्हणतात. लग्नाच्या पंगतीत माझी ओळख करून दिली की शेजारचा पाहुणा पुरी सोडून गुडघा पुढे करतो. मी त्याला सांगतो, बाबा, मी औषध देत नाही, औषधात काय असतं ते शोधतो. पाहुणा गुडघा मागे घेतो आणि पंगत उठेपर्यंत माझ्याकडे संशयाने बघतो.

तर मी शोधत होतो हरमल. मराठवाड्यात हरमल माहीत नाही असं घर विरळा. पोराला नजर लागली, निखाऱ्यावर हरमलच्या चिमूटभर बिया टाका. तडतडल्या की नजर गेली. निजामाच्या राज्यापासून ही चाल आहे आणि तिच्यात हिंदू-मुसलमान असा भेद कोणी केलेला मला आठवत नाही. हे झुडूप माळावर, पडक्या गढीच्या उतारावर, कबरस्तानाच्या कडेला वाढतं. दुष्काळात सगळं करपून जातं तेव्हा हे एकटं हिरवं असतं, कारण शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. शेळीला रसायनशास्त्र आपल्यापेक्षा आधी कळतं.

शेळीला काय कळतं ते सांगतो. हरमलच्या बीमध्ये कार्बोलीन नावाच्या घराण्याची रसायनं असतात. घराणं म्हणजे खरोखर घरच समजा: तीन खोल्या, मधल्या भिंती सामायिक. पहिली खोली सहा कोनांची, मधली पाच कोनांची, तिसरी पुन्हा सहा कोनांची. मधल्या खोलीत एक आणि तिसऱ्या खोलीत एक असे नायट्रोजनचे दोन अणू कोपरे धरून बसलेले. या घरातले दोन थोरले भाऊ म्हणजे हार्मिन आणि हार्मलिन. दोघे फार नावाजलेले. आपल्या मेंदूत निरोप पोचवणारी द्रव्यं असतात. निरोप पोचला की ती झाडून टाकायला शरीराने एक एन्झाइम नेमलेलं असतं. हे दोघे भाऊ त्या झाडूवाल्याचा हात धरून ठेवतात. मग झाडायचं ते साचत जातं आणि माणसाचं तंत्र बिघडतं. त्यात हार्मलिन उंदराला टोचलं तर उंदीर अक्षरशः थरथरतो, नवा शिक्षक पहिल्या तासाला थरथरतो तसा. म्हणून कोणी हौसेने हरमलच्या बिया चावायला जाऊ नये. धूर नजरेला आणि बी शेळीच्या शहाणपणावर सोडावं.

थोरल्यांवर जगभर लिहिलं गेलं होतं. मला हवा होता धाकटा: त्याच घरातलं, पण कोणी न विचारलेलं एखादं रसायन. माझे पीएचडीचे मार्गदर्शक काझी सर देगलूरचे. बोलणं कमी, आणि जे बोलायचं ते तोंडातल्या पानाच्या बाजूने. ते म्हणाले, "मियाँ, धाकट्याला शोधायचं तर आधी बिया लागतील. पोतंभर."

पोतंभर हरमल विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती, म्हणून मी माझ्या गावी, लातूरला, ओळखीच्या विरूपाक्षअप्पांकडे गेलो.

बाजारातल्या गोलाईपासून हाकेच्या अंतरावर अप्पांचं काष्ठौषधींचं दुकान. हिरडा, बेहडा, मुलेठी, वावडिंग, सगळं गोणीत आणि सगळं निवडलेलं. अप्पा लिंगायत व्यापाऱ्यांतलं जुनं खोड. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि धोतर, सदरा, टोपी अशी पांढरी शुभ्र की दुकानात दिवा नसला तरी अप्पा दिसायचे. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक लाकडी पाटी होती. लाल रंगात, ठसठशीत अक्षरांत:

भेसळ दाखवा, दुकान न्या.

दोन पिढ्या ती पाटी तिथे होती. कोणी भेसळ दाखवू शकलं नव्हतं. आणि अप्पांचा त्या पाटीवर जेवढा विश्वास होता तेवढा बँकेच्या पासबुकावर नव्हता.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. गावाच्या अंगात नव्या नवरदेवाचं वारं होतं. कचेऱ्यांना नवे फलक, दुकानांवर 'जि. लातूर' असं ताज्या रंगात. पाऊस मात्र या जिल्ह्याच्या स्थापनेला आला नव्हता आणि पुढच्या वर्षीही आला नाही. पाण्याच्या टँकरमागे घागरी धावत होत्या, आणि त्या घागरींवरही हौशी माणसांनी 'जि. लातूर' लिहून घेतलं होतं.

मी अप्पांना हरमल मागितली. कशाला, ते सांगितलं. नवं रसायन सापडलं तर शोधणारा त्याचं नाव ठेवतो, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं.

अप्पा पुढे सरकले. "म्हंजी लेकराचं ठेवतेत तसं?"

"तसंच, अप्पा. शेवटी 'ईन' लावायचं."

अप्पांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि एखादा मंत्र सुचावा तसे म्हणाले, "लातुरीन."

"अप्पा, अजून सापडलं नाही."

"सापडंल. बिया मी देतो. लागतील तितक्या, फुकट. पर मास्तर, नाव लातुरीनच. नांदेडवाल्यायला सांगून ठेवा."

आणि पोतं आलं. लातूर-नांदेड एसटीच्या टपावर बसून, अहमदपूर, लोहा करत. ते गोणपाटाचं पोतं नव्हतं. गोणपाटाला वास असतो, माल बिघडतो, म्हणून अप्पांनी स्वतःची जुनी, धुतलेली धोतरं दुहेरी शिवून त्यांच्या पिशव्या केल्या होत्या. अशा सहा पिशव्या. स्टँडवरच्या हमालाने त्या बघून विचारलं, "साहेब, कोण वारलं?"

आमच्या प्रयोगशाळेचे परिचर नामदेवमामा लोह्याकडचे. मला ते 'अर्धे डॉक्टर' म्हणायचे. पीएचडीचं काम जिथवर आलं असेल तसं ते कधी 'पाव डॉक्टर' तर कधी 'पाऊण डॉक्टर' करत. त्यांनी पिशव्या बघितल्या आणि म्हणाले, "काय म्हणून राहिले लातूरवाले, लातुरीन? अन् प्रयोगशाळा कोणाची? पाणी कोणाचं? नांदेडीन म्हना."

पाण्याचं मात्र मामांचं खरं होतं. आमच्या कामात पाणी लागतं ते पिण्यासाठी नाही. अल्कोहोलमध्ये बिया उकळायच्या, वाफ काचेच्या नळीतून वर जाते, त्या नळीभोवती थंड पाणी सतत वाहतं ठेवायचं, म्हणजे वाफेचं पुन्हा अल्कोहोल होऊन खाली पडतं. नळाला पाणी असेल तर यात काही मोठं नाही. आमचा नळ महिनोन्महिने नुसता हवा सोडायचा. विष्णुपुरीला धरण होतंय म्हणत होते, पण त्याचा आमच्या नळाशी परिचय झालेला नव्हता. मामांनी उपाय काढला. दोन बादल्या. वरच्या बादलीतून पाणी रबरी नळीने खाली येई, खालची भरली की मामा ती स्टुलावर चढवत. तेच पाणी आठवडाभर. मामा त्याला 'पेन्शनर पाणी' म्हणत: वय झालं तरी काम नाही सुटलं, पगार नाही वाढला. आमच्याकडे रोज ताजं पाणी फक्त उंदरांना मिळत होतं, कारण तसा नियम होता.

दुष्काळात गाळण्याचे कागदही संपले. मुंबईहून मागवलेला गठ्ठा वाटेत कुठेतरी मुरला. मी इकडेतिकडे बघितलं. अप्पांच्या धोतराच्या पिशव्या समोर होत्या. मऊ, दाट विणीच्या, स्वच्छ. मी एक फाडली, चौकोन कापले आणि उकळता अर्क त्यातून गाळायला लागलो. इतका सुरेख अर्क उतरला की मी मामांना बोलावून दाखवला.

"बगा," मामा म्हणाले, "लातूरचं काहीतरी कामाला आलं."

मग तो दिवस आला. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर देऊन खाली अर्काचा ठिपका ठेवायचा आणि पट्टी द्रावणात उभी करायची. टिपकागदावर शाई चढते तसं द्रावण वर चढतं आणि अर्कातली रसायनं आपापल्या चालीने मागेपुढे होतात. मग ती पट्टी जांभळ्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात धरायची. कार्बोलीन घराणं त्या प्रकाशात चमकतं. आमचा तो दिवा एका लाकडी खोक्यात होता, पुढे काळा पडदा, पडद्यात डोकं घालून बघायचं. गावच्या जत्रेत पूर्वी बायोस्कोप असायचा तसा.

मी डोकं घातलं. वर थोरले दोघे भाऊ निळसर चमकत होते, ओळखीचे. आणि खाली, अगदी तळाशी, एक ठिपका असा झळकत होता की काय सांगू! लखलखीत निळा. थोरल्यांना फिका पाडणारा. मी डोकं बाहेर काढलं आणि ओरडलो, "लातुरीन!"

काझी सरांनी पडद्यात डोकं घातलं, बराच वेळ आत ठेवलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, "मियाँ, चमकतंय खरं. पण नाव ठेवण्याची घाई काय आहे?"

घाई मला होती. त्याच आठवड्यात मी अप्पांना पत्र टाकलं.

इथे मला माझी एक लबाडी कबूल केली पाहिजे. अल्कलॉइड, म्हणजे हे घराणं ज्यांत मोडतं ती रसायनं, ओळखायचं एक द्रावण असतं, ते फवारलं की ठिपका नारिंगी होतो. माझा ठिपका झाला नाही. मी वहीत लिहिलं: 'असामान्य वर्तन.' आम्लाच्या पाण्यातून ही रसायनं जशी वेगळी व्हायला हवीत तसं ते झालं नाही. मी लिहिलं: 'घराण्यापेक्षा वेगळा स्वभाव.' उंदराला टोचलं. उंदीर थरथरला नाही, उलट शांतपणे मिशा पुसत बसला. मी लिहिलं: 'दुष्परिणाम नाही.' ज्या ज्या खुणेने ते मला सांगत होतं की बाबा, मी तुझ्या घरातला नाही, ती ती खूण मी त्याच्या मोठेपणात जमा केली. प्रेमात पडलेला माणूस मुलीच्या नकारात जसा तिचा विनय बघतो, तसा.

लातूरहून उत्तर आलं. पत्र नव्हे, छापील पत्रिका. 'लातुरीन या नवीन रसायनाचे जनक व लातूर जिल्ह्याचे सुपुत्र यांचा भव्य सत्कार.' बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मिळून ठरवलेला. खाली अप्पांच्या हातची ओळ: सत्काराआधी एकवार डोळ्यांनी बघायला येतो.

आणि सत्काराला आठ दिवस उरले असताना, भर दुपारी, अप्पा आले. एसटीत चार तास उभे राहूनही धोतराची एक घडी मोडलेली नव्हती. मामांनी त्यांना पेल्यात पाणी दिलं (पेन्शनर नव्हे, उंदरांचं ताजं). अप्पांनी प्रयोगशाळेला देवळासारखा नमस्कार केला.

"कुठं हाय?"

मी खोका दाखवला. अप्पांनी वाकून बघितलं, पण त्यांची कंबर धरलेली. पडद्याच्या उंचीपर्यंत काही ते पोचेनात. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा टोपी पडली.

"जाऊ द्या," अप्पा म्हणाले, पण इतक्या पडलेल्या आवाजात की माझ्यातला नाटकी माणूस उठून उभा राहिला.

"अप्पा, तुम्ही खुर्चीत बसा. तो तुमच्याकडे येईल."

मी दिवा खोक्यातून बाहेर काढला. मामांनी खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या, दाराच्या फटीत पोती कोंबली. काझी सर भिंतीशी उभे राहिले. काळामिट्ट अंधार झाला. मी पट्टी हातात धरली, घसा साफ केला आणि गारुड्यासारखा म्हणालो, "आता बघा, अप्पा. लातूर जिल्ह्याचं नाव जगात नेणारं..."

आणि दिवा लावला.

पट्टीकडे कोणी बघितलंच नाही. कारण खुर्चीत अप्पा पेटले होते. धोतर, सदरा, टोपी, सगळे अप्पा त्याच लखलखीत निळ्या रंगात उजळले होते. चेहरा आणि हात काळोखात गेले होते आणि मध्ये नुसतं एक निळं धोतर मांडी घालून बसलं होतं. माझ्या हातातल्या पट्टीवरचा ठिपका आणि ते धोतर, रंगात सुताचाही फरक नाही.

मग अंधारातून नामदेवमामांचा आवाज आला, अगदी आदराने:

"अप्पा, लातुरीन तुम्हीच हाव."

त्या क्षणी माझ्या मनात एक विचार आला, तोही सांगून टाकतो: हा दिव्याचा खेळ आहे, पांढरं सगळंच असं दिसतं, असं म्हणावं आणि दिवा विझवावा. आठ दिवसांनी सत्कार. पत्रिका वाटल्या गेलेल्या. अप्पांना काय कळणार? तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात काझी सर म्हणाले, "मियाँ, खिडकी उघडू का? उजेडात बोलणं सोपं जातं."

मामांनी घोंगड्या काढल्या. उजेडात अप्पा पुन्हा पांढरे झाले. ते माझ्याकडे बघत होते, गिऱ्हाईक तराजूच्या काट्याकडे बघतं तसे.

"मास्तर, काय झालं?"

"अप्पा, तुमची धोतरं धुतात कशात?"

"घरात आमची मालकीन, अव्वा, धुती. पांढऱ्या कपड्याला चकाकी आनायची पूड मिळती बाजारात, ती शेवटच्या पान्यात. आदी पुन्हा साध्या पान्यातून काढायची. आता पानी कुठलं? पुडीच्या पान्यातून काढून तसंच वाळू घालती." एवढं बोलून ते थांबले. माझ्या कपाटावर गाळणीचे चौकोन वाळत टाकलेले होते. त्यांची नजर तिथे गेली. व्यापारी माणूस, कापड ओळखलं.

त्या पुडीचं शास्त्र सोपं आहे. ती मळ काढत नाही. ती न दिसणारा प्रकाश पिते आणि निळा प्रकाश सोडते, म्हणून जुनं पिवळट धोतर नवं भासतं. मी गरम अल्कोहोलमध्ये हरमलबरोबर धोतरही उकळत होतो. आणि जी गोष्ट पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आधी करतो ती मी केली नव्हती: बिया न घालता, नुसतं कापड घेऊन तोच सगळा प्रयोग करून बघणं.

"ते आता करू," सर म्हणाले. "एक कापडाचा तुकडा."

मी कपाटाकडे वळलो. मागे 'टर्र' असा आवाज आला. अप्पांनी अंगावरच्या धोतराचा काठ फाडून पुढे धरला होता.

"हे घ्या. ते तुमच्या हाती होतं. हे माझ्या हातचं."

पाऊण तास अप्पा त्या खुर्चीत ताठ बसून राहिले. पट्टीवर द्रावण चढत होतं आणि आमच्यापैकी कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग पट्टी वाळवली, दिवा परत खोक्यात बसवला. खोक्यात अप्पांना दिसेना म्हणून मामांनी खोकाच उचलून त्यांच्या डोळ्यांशी धरला. तळाशी, त्याच उंचीवर, तोच निळा ठिपका. वर थोरल्यांच्या जागी काही नाही. नुसतं धोतर.

अप्पा हळूच म्हणाले, "म्हंजी माझ्या दुकानातून भेसळ आली."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा मी हसं केलं म्हणतील. माझी पदवी, माझा सत्कार, माझं नाव, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या पाटीची मला आठवणही नव्हती. अप्पांना दुसरं काही आठवत नव्हतं.

चार दिवसांनी मी सत्कार रद्द करा म्हणून सांगायला लातूरला गेलो. अप्पा म्हणाले, "पत्रिका वाटल्यात. लोक येतील. आलेल्या मानसाला परत लावायचं न्हाई. तुम्ही या."

सत्काराला हॉल भरला होता. स्टेजवर कापडी फलक होता, त्यावर 'लातुरीन' हे भल्या मोठ्या अक्षरांत, आणि तो फलकही पांढरा शुभ्र. मला बघवेना. अप्पा उठले. माईकचा त्यांना सराव नव्हता; ते माईकपासून हातभर लांब उभे राहून ओरडून बोलले, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"मास्तरांनी लातुरीन शोधलं न्हाई. ते माझं धोतर निघालं. मी त्यायला बिया दिल्या, त्यात भेसळ निघाली. माझ्या दुकानात पाटी हाय, तुमी सगळ्यायनी वाचली." त्यांनी कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि माझ्या हातावर ठेवला. "हे दुकान."

हॉलमध्ये कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. बाजारातली माणसं होती; पाटी म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. किल्ल्या गरम होत्या, अंगाच्या उबेच्या. मी त्या परत करायला गेलो तर अप्पांनी हात मागे बांधले. "शब्द हाय," एवढंच म्हणाले.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भाषणं ठोकली आहेत. उपयोगी असं हे एकच, आणि तेही अडीच ओळींचं.

"अप्पा," मी म्हणालो, "तुम्ही विकता तो माल. त्याला गुंडाळता ते बारदान. गोणीसकट वजन केलं तर गोणीचं वजन तुम्ही वजा करता की नाही? बिया मी तपासल्या. बियांत भेसळ नाही. होती ती बारदानात. आणि मालाबरोबर बारदान उकळायला तुम्ही सांगितलं नव्हतं. ती अक्कल माझी."

अप्पा विचारात पडले. पहिल्या रांगेतल्या एका आडत्याने मान हलवली, "बरोबर हाय अप्पा. बारदान वजा." मग दुसरा म्हणाला. मग सगळा हॉल बाजारातला वायदा मिटवावा तसा बोलू लागला. अप्पांनी किल्ल्या घेतल्या. पण जाता जाता मला म्हणाले, "तुमच्या कागदावर शिक्का बसंपर्यंत पाटी खाली. भेसळ न्हाई असं तुमचं इद्यापीठ म्हनू द्या, मग लावू."

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ राहिला, मध्ये दोन रिकामे खिळे. पुढे दोन वर्षं मी लातूरला गेलो की त्या खिळ्यांकडे न बघता दुकानात शिरायला शिकलो.

काम पुन्हा पहिल्यापासून. दुसरं पोतं आलं ते कोऱ्या, न धुतलेल्या मांजरपाटाचं, आणि त्यावर अप्पांच्या हातची चिठ्ठी: 'बारदान तपासून घ्यावे.' मी तपासलं. कोरं कापड उकळलं, धागा उकळला, चिठ्ठीचा कागदसुद्धा. मामा म्हणाले, "अर्धे डॉक्टर, मलाबी एकदा उकळून घ्या, शंका नको." मधल्या काळात पाऊस आला, नळ सुरू झाला, मामांचं पेन्शनर पाणी निवृत्त झालं. ते निळं झगमगणं नाहीसं झालं होतं. आणि त्याच्याच जागी, इतके दिवस त्याच्या उजेडात झाकलेला, एक मिणमिणता, हिरवट ठिपका होता. द्रावण फवारल्यावर तो इमानदारीने नारिंगी झाला.

तो माझा धाकटा. त्याचं नाव मात्र फार पूर्वीच कोणीतरी ठेवून टाकलं होतं: हार्मलॉल. घर तेच, तीनच खोल्या, पण थोरल्या हार्मलिनच्या अंगावर जो मिथिल नावाचा अणूंचा एक छोटासा गट असतो तो याच्या अंगावर नाही. एवढ्याशा फरकाने हा टोचला तर उंदीर थरथरत नाही. बहुधा मेंदूच्या दारावरूनच तो परत फिरत असावा, असं मी प्रबंधात भीत भीत लिहिलं. नकार देणाऱ्या रसायनांचं कौतुक कोणी करत नाही, म्हणून त्याच्यावर फारसं कोणी लिहिलंही नव्हतं. काझी सरांनी प्रबंधावर सही केली आणि म्हणाले, "मियाँ, आता हे खरं आहे, म्हणून चमकत नाही." सर आता नाहीत. माझ्या नावावर आजतागायत एकही नवं रसायन नाही, आणि खोटं सांगत नाही, हरमलचा धूर कुठे दरवळला की थोडी चुटपुट लागते.

पदवीचा कागद मिळाला त्या आठवड्यात मी प्रबंधाची बांधीव प्रत घेऊन लातूरला गेलो. अप्पा गादीवर होते. थकले होते, पण धोतर तसंच. मी प्रबंध पुढे ठेवला. त्यांनी आतलं पान उघडलं नाही. एकच विचारलं.

"भेसळ?"

"नाही, अप्पा. शिक्का बसला."

अप्पांनी प्रबंध उचलला आणि शेजारच्या तराजूत टाकला. वजनं लावली. "सव्वा किलो. बिया किती लागल्या?"

"दोन खेपा मिळून दोनेक पोती."

"अन् त्यातून तुमचा तो धाकटा किती निघाला?"

"चिमूटसुद्धा नाही. नखावर बसेल एवढा."

अप्पांनी तराजूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग हे सव्वा किलो कशाचं हाय?"

"बाकी सगळं बारदान, अप्पा."

अप्पा हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा, पोट धरून, टोपी सावरत हसले. मग गादीखाली हात घालून त्यांनी पाटी काढली. धूळ पुसायला धोतराचा सोगा उचलला, थांबले, सोगा सोडून दिला आणि गोणपाटाच्या चिंधीने पुसली. स्टुलावर चढायला त्यांची कंबर नव्हती. "चढा, डॉक्टर," म्हणाले. मला पूर्ण डॉक्टर म्हणणारे ते पहिले.

मी चढलो, पाटी जुन्या खिळ्यांना अडकवली आणि मागे वाकून सरळ झाली का बघितलं. लाल अक्षरं तीच होती. भेसळ दाखवा, दुकान न्या. पण त्याखाली ताज्या रंगात, बारीक अक्षरांत, अप्पांनी पेंटरकडून दोन शब्द वाढवून घेतले होते:

बारदान सोडून.